माती वाचली, बटईदार उठला

माझा मामा अकरा वर्षं एकच तीन एकर रान बटईनं करत होता. रान त्याचं नाही, सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. पण त्या रानातला कुठला कोपरा पावसात तुंबतो आणि कुठल्या पट्ट्यात हरभरा चांगला येतो, हे मालकापेक्षा मामाला जास्त माहीत. गेल्या उन्हाळ्यात मालकानं निरोप धाडला: यंदा राहू दे, आम्ही बांबू लावतोय, सरकारी अनुदान मंजूर झालंय. भांडण नाही, शिवीगाळ नाही. उलट खड्डे खणायला रोजानं मामालाच बोलावलं. वीस-बावीस दिवस काम चाललं आणि संपलं. मामी दर साल त्याच रानात खुरपणीला आणि वेचणीला दोन-चार बाया घेऊन जायची. बांबूला खुरपणी किती लागणार?

मी फोनवर मामाला म्हटलं, तुझं नाव कुठंच कसं नाही? तो म्हणाला, "पोरी, बटई काय कागदावर असती व्हय? आन झाडं लावू नका असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्यानं मला अडकवलं. माती, पाणी, झाडं वाचवायच्या कामाला नाही म्हणणारा माणूस आज अडाणी किंवा स्वार्थी ठरतो. म्हणूनच त्या कामाच्या नावानं पैसा कुणाला मिळतो आणि कुणाचं काम जातं, हे विचारायला फारसं कुणी धजत नाही.

माझ्या विद्याशाखेत या प्रकाराला एक भारदस्त नाव आहे: पर्यावरणीय सेवांचा मोबदला. एका चर्चासत्रात वक्ते अमेरिकेचा दाखला देत होते. पडद्यावर गुडघाभर गवत, वर उडणारी बदकं. सरकार शेतकऱ्याला पैसे देतं, शेतकरी जमीन पेरत नाही, गवत लावतो, माती वाहून जात नाही. भारतानं हे शिकायला हवं, असा सूर. मी विचारलं की ही जमीन आधी कोण कसत होतं आणि ते आता काय करतात? उत्तर आलं, "जमीन खासगी मालकीची आहे, निर्णय मालकाचा." पुढचा प्रश्न.

मी पुढच्या प्रश्नाकडे गेले नाही. त्या गवताचा इतिहास शोधत बसले.

अमेरिकेत काउंटी म्हणजे राज्याच्या खालचं प्रशासकीय एकक. आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी धरा. शेतीच्या केंद्रीय योजना तिथं काउंटीच्या पातळीवर राबतात. दर काउंटीनुसार ठरतात, अर्ज काउंटीच्या कचेरीत होतात. आरकान्सा राज्यातली पॉइनसेट काउंटी ही अशीच एक ग्रामीण काउंटी. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, कापसाची. तिथल्या मोठ्या मळ्यांवर काळे आणि गरीब गोरे वाटेकरी राबत. घर मालकाचं, खेचर मालकाचं, बियाणं मालकाचं, किराणाही मालकाच्या दुकानातला आणि उधारीचा. वर्षाअखेर हिशेब मालकाच्या वहीत. हे वाचताना मला भाषांतराची गरज पडली नाही.

१९३२ साली कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटच्या आसपास कोसळला होता. १९३३ च्या मे महिन्यात रूझवेल्ट सरकारनं शेती समायोजन कायदा केला. कल्पना सरळ होती: पीक कमी करा, भाव वाढेल, जो पीक कमी करेल त्याला सरकार पैसे देईल. पण कायदा होईपर्यंत कापूस उगवून आलेला. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. त्या वेळची एक गोष्ट अजून सांगितली जाते. कापसाच्या ओळीवर पाय टाकायचा नाही अशी आयुष्यभर सवय लावलेली खेचरं ओळी तुडवायला तयार होईनात.

पुढच्या दोन हंगामांसाठी, १९३४ आणि १९३५ साठी, रीतसर करार आले. मालकानं जमिनीचा काही हिस्सा कापसाखालून काढून ठेवायचा, त्याबद्दल सरकार पौंडामागे साडेचार सेंट देणार. यातले साडेतीन सेंट 'भाडं' म्हणून, म्हणजे सगळे मालकाचे. उरलेला एक सेंट पिकाच्या वाट्याप्रमाणे वाटायचा. अर्धेलीनं कसणाऱ्याला त्यातला अर्धा. मालकाला चार सेंट, वाटेकऱ्याला अर्धा सेंट. आठाला एक. तो अर्धा सेंटही मालकाच्या हातूनच यायचा, म्हणजे आधी दुकानाची उधारी वळती होऊन.

आता मालकाच्या जागी बसून बघा. जमीन कमी पेरायची, तर माणसं कमी लागणार. माणसं कमी केली, तर त्यांच्या वाट्याचा सेंटही आपलाच. करारात सातवं कलम होतं: मालकानं शक्य तोवर वाटेकऱ्यांची संख्या कमी करू नये, त्यांना घरात राहू द्यावं. 'शक्य तोवर' हे शब्द कुठल्याही सरकारी कागदात दिसले की मला धडकी भरते. 'शक्य' काय हे कोण ठरवणार? काउंटीतल्या समित्या. समित्यांवर कोण? तेच मालक.

१९३४ च्या जुलैमध्ये पॉइनसेट काउंटीतल्या टायरोन्झा गावाजवळ, जिथून वाटेकऱ्यांची कुटुंबं हाकलली होती त्या मळ्यावर, १८ जण जमले. ११ गोरे, ७ काळे. त्यांनी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली. एकच संघटना, गोऱ्या-काळ्यांची वेगळी नाही. १९३४ च्या आरकान्सात ही गोष्ट जिवावरची होती. पंधरा वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, त्याच राज्यात एलेन गावाजवळ काळ्या वाटेकऱ्यांनी संघटना बांधली तेव्हा त्यांचं हत्याकांड झालं होतं. टायरोन्झात एच. एल. मिचेलचं कपडे धुलाईचं दुकान होतं, शेजारी क्ले ईस्टचा पेट्रोल पंप. दोघे गोरे समाजवादी. उपाध्यक्ष झालेले ई. बी. मॅकिनी हे काळे धर्मोपदेशक. पुढं नेतृत्व कुणाच्या हातात यावरून युनियनमध्ये तणाव आले, मॅकिनींना बाजूलाही केलं गेलं. आपल्याकडचे डावे मित्र ही युनियन आठवतात तेव्हा हा भाग सहसा गाळतात. पण पहिल्या दिवशी ते १८ जण एका खोलीत बसले, हेही तितकंच खरं. त्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी अगदी साधी होती: सरकारी पैसा थेट आमच्या हातात द्या.

वॉशिंग्टनमध्ये काही वकिलांनी हे मनावर घेतलं. शेती समायोजन प्रशासनानं मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना चौकशीसाठी आरकान्सात पाठवलं. त्यांचा अहवाल दाबला गेला, तो कधीच प्रसिद्ध झाला नाही. जेरोम फ्रँक यांच्या विधी विभागानं मत दिलं की सातव्या कलमाचा अर्थ तीच माणसं ठेवणं असा आहे, नुसता आकडा राखणं असा नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना काढून टाकलं. सिनेटमधला बहुमताचा नेता तेव्हा आरकान्साचा होता, दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या मतांशिवाय रूझवेल्टचं एकही विधेयक हलत नव्हतं. न्यू डीलला आपल्याकडे कल्याणकारी राज्याचा आदर्श म्हणून शिकवतात. शिकवावं. पण त्या आदर्शाची किंमत कुणाच्या झोपडीतून वसूल झाली, तेही त्याच तासाला शिकवावं.

जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९३३ च्या कायद्याचा गाभाच घटनाबाह्य ठरवला: पीक कमी करायला पैसे देणं हे केंद्राचं काम नाही. फेब्रुवारी संपायच्या आत नवा कायदा तयार. नाव: मृदसंधारण आणि देशांतर्गत वाटप कायदा. कापूस, मका, गहू, तंबाखू ही 'माती झिजवणारी' पिकं; गवत, शेंगवर्गीय पिकं ही 'माती राखणारी'. पहिल्यांकडून दुसऱ्यांकडे वळा, सरकार पैसे देईल. पीक तेच कमी होणार, पैसा बहुतांशी त्याच हातात जाणार. बदललं ते कारण. आता कारण माती होतं.

आणि इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की माती खरोखरच मरत होती. १९३५ मध्ये, योगायोगानं १४ एप्रिललाच, मैदानी राज्यांमध्ये धुळीचं असं वादळ उठलं की भरदिवसा अंधार झाला. त्या दिवसाला ते आजही काळा रविवार म्हणतात. त्याच महिन्यात ह्यू बेनेट यांच्या खटपटीतून मृदसंधारण सेवा हे स्वतंत्र खातं उभं राहिलं. बेनेट खोटं बोलत नव्हते. संधारण हे थोतांड आहे असं माझं म्हणणं नाहीच. म्हणणं एवढंच की खरं संकट आणि जुनी मालकी एकत्र आली, की संकटावरचा पैसा मालकीच्या वाटेनंच वाहतो. पाण्यासारखा. मध्ये कुणी बांध घातला तरच अडतो.

बांध घालायचा प्रयत्न झालाही. नंतरच्या योजनांमध्ये वाटेकऱ्याचा हिस्सा थोडा वाढवला, तो थेट त्याला द्यायची तरतूद आली. मालकांनी काय केलं? वाटेकरीच ठेवला नाही. त्याला रोजंदार केलं. रोजंदाराचा पिकात वाटा नसतो, मग अनुदानात कुठून असणार? साठलेल्या अनुदानातून ट्रॅक्टर आले. जनगणनेनुसार अमेरिकेच्या दक्षिणेत १९३० साली सुमारे ७ लाख ७६ हजार वाटेकरी होते, १९४० साली सुमारे ५ लाख ४१ हजार. १९३९ च्या जानेवारीत मिसूरी राज्याच्या आग्नेय टोकाला हजाराहून जास्त वाटेकरी, बहुसंख्य काळे, आपली चूलबोळकी घेऊन महामार्गाच्या कडेला येऊन बसले. भर थंडीत. त्यांचे नेते होते ओवेन व्हिटफील्ड, स्वतः वाटेकरी आणि धर्मोपदेशक. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारींना दिसावं म्हणून ते तिथं बसले होते. काही दिवसांत त्यांना उठवलं गेलं, आणि कारण दिलं ते सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचं. गायरानावरून, नाल्याकाठून आपली घरं उठवताना वापरलेले शब्द आठवून बघा.

मामा मालकाच्या रानात रोजानं खड्डे खणत होता ते दिवस मला इथं आठवले. बटईदाराचा रोजंदार व्हायला पॉइनसेटमध्ये काही वर्षं लागली. मामाच्या बाबतीत एक निरोप पुरला.

आजची योजना १९८५ च्या कायद्यातून आली: कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम. शेतकऱ्यानं धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षं लागवडीतून काढायची, गवत किंवा झाडं लावायची, सरकार दरवर्षी एकरी भाडं देणार. भाड्याचा दर काउंटीनुसार. २००७ च्या सुमारास यात साडेतीन कोटींहून जास्त एकर होते. २०१८ च्या कायद्यानं कमाल मर्यादा टप्प्याटप्प्यानं २ कोटी ७० लाख एकरांवर नेली. माणशी वर्षाला ५० हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे. मातीला, पाण्याला, पक्ष्यांना याचा फायदा झाला हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण त्या कायद्यात एक तरतूद आहे, जी चर्चासत्रातल्या गवताच्या चित्रात दिसत नाही. कुठल्याही काउंटीतली २५ टक्क्यांहून जास्त पीकजमीन सहसा या योजनेत घेता येत नाही. का? कारण त्याहून जास्त जमीन पडीक राहिली तर गाव मरतं. खताचं दुकान बसतं, धान्याचं कोठार बसतं, अवजारं दुरुस्त करणारा बसतो, मजुराला काम उरत नाही. म्हणजे अमेरिकन संसदेला हे कळलं होतं की जमीन 'विश्रांतीला' पाठवली की तिच्यावर जगणारी, पण तिची मालकी नसलेली माणसंही कामावरून जातात. जमीन भाड्याला देणाऱ्या मालकानं योजनेत शिरण्यासाठी कुळाला हुसकावू नये, असंही त्यांच्या नियमांत आहे. १९३४ चा धडा कागदावर तरी उतरला. आपल्याकडे या मॉडेलची आयात करणाऱ्यांनी गवत आणलं, बदकं आणली. ही दोन कलमं मात्र विमानतळावरच राहिली.

आणि त्या काउंटीतल्या कचेऱ्या? त्यावर नेमणारी समिती शेतकऱ्यांनी निवडून द्यायची, अशी ती व्यवस्था. ऐकायला लोकशाही. दक्षिणेत ती गोऱ्या जमीनदारांची समिती झाली. १९६० च्या दशकात मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या काळ्या तरुणांनी मिसिसिपी आणि अलाबामात या समित्यांच्या निवडणुकाही लढवल्या, कारण कापसाचा कोटा, कर्ज, अनुदान हे सगळं तिथं ठरत होतं. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगानं शेती योजनांमधल्या वंशभेदावर अख्खा अहवाल लिहिला. १९२० साली काळ्या शेतकऱ्यांची संख्या सुमारे ९ लाख २५ हजार होती. आज ती ५० हजारांच्याही आत आहे. १९९९ मध्ये पिगफर्ड खटल्यात शेती खात्याला तडजोड करावी लागली, बहुतेकांना ५० हजार डॉलर. २०१० मध्ये आणखी सव्वाशे कोटी डॉलर मंजूर झाले. २०२१ मध्ये संसदेनं भेदभाव सोसलेल्या गटांच्या शेतकऱ्यांना कर्जमाफी दिली, तर गोरे शेतकरी न्यायालयात गेले आणि ती थांबली. कारण काय? समानतेचा भंग. आरक्षणाच्या खटल्यांत आपण ऐकतो तोच सूर. शेवटी वंशाचा उल्लेख काढून नवी योजना आणावी लागली आणि २०२४ च्या जुलैमध्ये ४३ हजारांहून जास्त लोकांना मिळून सुमारे दोनशे कोटी डॉलर दिले गेले.

मालकीचा कागद हा तिथंही फास आहे. अनेक काळ्या कुटुंबांत आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, कारण काउंटीच्या कोर्टावर त्यांचा विश्वासच नव्हता. जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक नावावर राहिली. स्पष्ट मालकी दाखवता येत नाही म्हणून शेती खात्याचा शेत क्रमांक मिळत नाही, शेत क्रमांक नाही म्हणून कुठलीच योजना नाही. २०१८ मध्ये कायद्यानं पर्यायी कागदपत्रं मान्य केली. तोवर किती जमीन हातची गेली असेल!

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात मृदसंधारणाचा पैसा एकेकाळी वेगळ्या वाटेनं यायचा. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती झाली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. माझी आजी त्यांच्यात होती. पाटी डोक्यावर, पोर झाडाखाली. तलावाचं पाणी पुढं ज्यांच्या विहिरींना लागलं ते जमीनवाले, हे खरं. त्याची तक्रार वेगळी. पण मजुरी तरी ज्याच्या हातात खोरं होतं त्याला मिळाली. आजचं अनुदान खोऱ्याला नव्हे, सातबाऱ्याला मिळतं. हा बदल गाजावाजा न होता झाला. पीएम-किसान घ्या: २०१९ पासून वर्षाला ६ हजार रुपये, पण जमीन नावावर असेल तरच. 'मागेल त्याला शेततळे' या योजनेत मागणाऱ्याकडे किमान ०.६० हेक्टर जमीन असावी अशी अट होती. मागेल त्याला, पण मागण्याआधी दीड एकर.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिवाटीखालच्या क्षेत्रात अनुसूचित जातींचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास आहे, लोकसंख्येत तो १६.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत शेतीत काम करणाऱ्या अनुसूचित जातींच्या दर दहा माणसांपैकी सात शेतमजूर होते. जमिनीच्या प्रमाणात दिलेलं कुठलंही अनुदान हे म्हणून जातीच्या प्रमाणात दिलेलं अनुदान असतं. अर्जात जातीचा रकाना असो वा नसो.

'मग बटईचा करार लिहून घ्या' असं शहरातले मित्र म्हणतात. कूळ कायद्याची भीती ज्यानं पाहिली नाही तोच असं म्हणू शकतो. १९४८ चा मुंबई कूळ कायदा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, यांनी काही कुळांना जमिनी मिळाल्या. त्यात आमची माणसं थोडी, कारण आम्ही कूळसुद्धा नव्हतो, सालगडी होतो. पण मालकाच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली: कागद करायचा नाही, आणि एका माणसाला एका रानात फार मुरू द्यायचं नाही. मामाची अकरा वर्षं हा अपवादच. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये यातून वाट काढायचा प्रयत्न केला. ११ महिन्यांचं पीक लागवडदार कार्ड दिलं आणि अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक भूमिहीन कुळांना शेतकरी मदतीत धरलं. कार्डाला मालकाची संमती लागते, तिथंच ते अडखळतं. तरी भूमिहीन कुळाच्या खात्यात शेतीचा सरकारी पैसा जाऊ शकतो, एवढं त्यातून दिसलं.

आणि हे तर महाराष्ट्रातच, पन्नास वर्षांपूर्वी करून झालंय. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं नियम केला की पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क असेल. हरियाणात सुखोमाजरी गावानं डोंगरावरची चराई थांबवली, तलावाची माती धरली, आणि बदल्यात पाण्याचा वाटा प्रत्येक घराला दिला, जमीन असो नसो. चराई बंद झाल्यानं ज्याचं नुकसान त्यालाही लाभात हिस्सा. हे नियम किती काळ आणि किती चोख पाळले गेले यावर वाद घालता येईल. पण अर्थशास्त्रज्ञांना अजून अवघड वाटणारं गणित गावांनी मांडून दाखवलं होतं.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच, लहान शेतजमिनींवरच्या निबंधात, प्रश्न तुकड्यांच्या आकाराचा नसून जमिनीवर अडकलेल्या जादा माणसांचा आणि भांडवलाच्या अभावाचा आहे असं मांडलं होतं. म्हणजे माणसं शेतीतून बाहेर पडावीत हे त्यांनाही हवंच होतं. पण उद्योगात, पगारावर. नाक्यावर उभं राहायला नव्हे. पॉइनसेटचे वाटेकरी लढत होते त्याच दशकात ते कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक मांडत होते आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेत होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी जमीन सरकारची करून गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक शेतीसाठी द्यावी असं सुचवलं, म्हणजे जमीनदारही नको, कूळही नको, भूमिहीनही नको. ते आज कुणी ऐकणार नाही, मला ठाऊक आहे. मी त्याहून फार लहान गोष्ट मागतेय. जमीन लागवडीतून काढायला किंवा पीक बदलायला सरकार पैसे देणार असेल, तर मागच्या तीन वर्षांत ते रान कोण कसत होतं आणि तिथं कोण मजुरी करत होतं, याची नोंद ग्रामसभेत उघड वाचून व्हावी, आणि त्या पैशातला ठरलेला हिस्सा थेट त्यांच्या खात्यात जावा. मालकाची संमती न मागता. आणि जिथं झाडं लावायला सरकारला जागा हवी आहे, तिथं आमच्या माणसांनी दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहापासून कसलेल्या गायरानावर आधी चर खणून मग रोपं लावण्याऐवजी, तीच रोपं त्यांच्याच नावानं, त्यांच्याच ताब्यात लावावीत. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नोंदवला. निकालाचा पहिला भाग तहसीलमध्ये सगळ्यांना पाठ आहे.

आपल्याच चळवळीतले काहीजण म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, आपण त्यात कशाला पडायचं. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे पाचशे फुटांचा बोअर आहे तो उतरलेल्या भूजलावर काही वर्षं तरी तरून जाईल. मामाच्या वस्तीवरचा हातपंप फेब्रुवारीत सुटतो. माती आणि पाणी वाचलं तर सर्वांत आधी आमचा घसा ओला होणार आहे. म्हणून तर त्या योजनेच्या यादीत आमचं नाव हवं.

मामासाठी मी एक अर्ज लिहायला घेतला होता. कुठल्या कचेरीत द्यायचा हे तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडून दुसऱ्या ठिकाणचं नाव आलं. शेवटी एका छापील नमुन्याची प्रत मिळाली. त्यात नावाच्या खाली दुसराच रकाना गट क्रमांक आणि क्षेत्राचा, त्याखाली सातबाऱ्याचा उतारा जोडल्याची खूण. मामानं विचारलं तिथं काय लिहायचं. मी म्हटलं, थांब, बघते. सध्या तो शेजारच्या शिवारात बटईचं रान बघतोय. पाडव्याला व्यवहार ठरतील. एका मालकानं होकार दिलाय, पण एकाच सालाचा. पुढच्या वर्षी त्यालाही अर्ज करायचा आहे म्हणे.